वारसाची सही

पिवळी चौकट अंगठ्यावर बसली होती. नीट मधोमध नव्हे, जरा डावीकडे सरकून... जांभळ्या शाईच्या ठशाचा एक काठ बाहेर राहिला होता आणि त्यातल्या बारीक रेघा, स्वातीने कागद मोठा करून पाहिला तशा, एकदम माणसाच्या वाटायला लागल्या. म्हणून तिने तो पुन्हा लहान केला. चौकटीखाली निळ्या अक्षरांत प्रश्न आला होता – इथे सही अपेक्षित आहे का? आणि दोन बटणं. होय. नाही. एआयला अंगठा कळला नव्हता. त्याला वाटलं होतं की कागदावर काहीतरी सांडलंय, पण सही असते नेमकं त्याच जागी सांडलंय, म्हणजे सहीच असणार. तेवढी अक्कल त्याला होती. स्वातीने 'होय' दाबलं. अंगठा गेला आणि त्या जागी एक स्वच्छ, रिकामा रकाना राहिला, कुणाचीही सही मावेल असा.

गेले काही दिवस ती हेच करत होती. एचआरच्या कपाटातले जुने कागद स्कॅन होऊन त्यांच्या पीडीएफ झाल्या होत्या आणि त्या पीडीएफचे साचे करायचे होते. एकदा साचा झाला की तो कितीही वेळा वापरा – नाव बदला, मोबाइल नंबर टाका, लिंक जाते, समोरचा माणूस घरी बसून बोटाने सही करतो आणि कागद आपसूक परत येतो. हे रकाने पूर्वी हाताने आखावे लागत. आता पीडीएफ टाकली की एआय स्वतःच ती वाचतं, नाव कुठे, तारीख कुठे, सही कुणाची हे ओळखतं, पिवळ्या चौकटी मांडून देतं, आणि तिने फक्त होय-नाही करायचं. रजेचे अर्ज झाले, बूट-हेल्मेट मिळाल्याची पोच झाली, गेटपास झाले. हा एक उरला होता. मेहुल सरांनी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

"हा एकदम परफेक्ट पाहिजे हं, स्वाती," ते सकाळी म्हणाले होते. मेहुल सर एचआरचे मॅनेजर, वापीचे, मराठी बोलताना नेहमी किंचित हसल्यासारखे. "दुपारी हेड ऑफिसला हाच दाखवायचाय." आणि मग, दार ढकलता ढकलता, जसं काही आत्ताच आठवलं, "तुझी परमनंटची फाइल पण त्याच मीटिंगला आहे."

हा म्हणजे, कामगार कामावर असताना मेला तर त्याच्या वारसाने कंपनीला लिहून द्यायचा कागद. 'कंपनीने दिलेली भरपाई मला मान्य असून यापुढे माझी अथवा माझ्या कुटुंबीयांची कोणतीही तक्रार किंवा मागणी राहणार नाही.' एवढंच. बाकी सगळं सजावट. साच्यासाठी नमुना म्हणून जो कागद घेतला होता तो मासवणच्या जिवल्याचा होता – प्लांट तीनमध्ये रिअॅक्टरचं झाकण उडालं तेव्हा शिडीवर होता तो. कागद टाइप केला होता स्वातीनेच. तेव्हाही ती इथेच होती, ह्याच खुर्चीत, कंत्राटी.

पुढची चौकट लाल आली. एआयने एक वाक्य खुडून बाजूला काढलं होतं. 'हे वाक्य एका विशिष्ट व्यक्तीबद्दल आहे. पुन्हा वापरण्याच्या साच्यात त्याची गरज नाही. काढू?'

वाक्य होतं – माझा नवरा कामावर दारू पिऊन आला नव्हता.

स्वातीने वाचलं आणि तिला खुर्चीच्या समोर, फरशीवर, बसलेली जिवल्याची बायको नवसी दिसली. खुर्ची दिली तरी खाली बसली होती. अंगाखांद्याने लहानशी, डोळे कोरडे, आणि एकच हट्ट. बाहेर सगळे म्हणत होते, पिऊन चढला असेल शिडीवर, ही मंडळी पितातच. सेफ्टीवाल्यांनी तर तसं जवळजवळ लिहूनच टाकलं होतं. "तो पेलेला नवता," ती म्हणत होती. "आदी तां लिवा. मंग अंगठा." मेहुल सर घड्याळाकडे बघून हिंदीत म्हणाले होते, लिख दे यार, क्या फर्क पडता है. मग स्वातीने लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. नवसीने पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर अंगठा असा दाबला की शाई खालच्या कागदावरसुद्धा उमटली.

काढू? – पडद्यावरचा प्रश्न तसाच होता. तो अजिबात घाई करत नव्हता. स्वातीने 'होय' दाबलं, कारण एआयचं म्हणणं बरोबरच होतं. पुढचा जो कुणी मरेल तो प्यायलेला असेल की नसेल, हे आत्तापासून कसं लिहिणार?

मग त्याने सह्या करणाऱ्यांची यादी मांडली. एक, कंपनीचा प्रतिनिधी. दोन, साक्षीदार. तीन, वारस. चार, मयत. आणि चौथ्याच्या पुढे सूचना – मयत यांचा मोबाइल नंबर भरलेला नाही. स्वातीला हसू आलं. तिने मेहुल सरांना बोलावून दाखवलं, ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि शेजारच्या टेबलावरची अकाउंट्सची हिना 'काय झालं, काय झालं' करत उठून आली आणि बघून गप्प परत गेली. "ह्याला शिकव," मेहुल सर म्हणाले, "की मेलेले लोक सही करत नाहीत." स्वातीने चौथी ओळ पुसली. ते शिकलं. परत त्याने ती चूक केली नाही.

साचा पक्का करायचा तर तो एकदा खरोखर चालवून बघावा लागतो. रजेचा अर्ज तिने स्वतःच्या नावाने चालवला होता, गेटपास हिनाच्या. आता तिने हिनाकडे नुसतं पाहिलं तर हिना म्हणाली, "ए, त्याच्यात माझं नाव नको हं. नंबरपण नको." आणि मोबाइल पर्समध्ये टाकून तिने चेन लावली. साक्षीदार म्हणून स्वातीचा नंबर गेला, प्रतिनिधी म्हणून सरांचा. एकच नंबर दोनदा चालत नव्हता. वारसाला तिसरा हवा होता. आणि मयताला नाव हवं होतं.

काहीतरी खोटं नाव टाकता आलं असतं तर प्रश्न नव्हता. पण साचा कंपनीच्या कामगारांच्या यादीला जोडलेला. यादीतलाच माणूस निवडायचा, की त्याचा प्लांट, पत्ता, वडलांचं नाव, सगळं आपोआप रकान्यात येऊन पडतं. तिने यादी उघडली. एकनाथ... त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. विनोद. ललित, उमरोळीचा, जेवायला बसला की आपल्या डब्यातली कोलंबी तिच्या डब्यात टाकणारा. नावं वर सरकत होती आणि प्रत्येक नावामागे कुणीतरी होतं, एखादी बाई, एखादी ओटी, ओटीवर वाळत घातलेले ह्याच कंपनीचे निळे कपडे. हे नाव घ्यायचं, म्हणजे त्या घरातला माणूस आपण... दुसऱ्याच्या घरातला माणूस कसा घ्यायचा? तळतळाट कुणाचा घ्या? त्यापेक्षा घरचाच बरा. घरच्याला मारलं तर निदान कुणाला सांगायला जावं लागत नाही. शिवाय जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं गावात, कुंभवलीत, सगळेच म्हणतात. वाढू दे. तिने यादी जरा मागे नेली. र. रूपेश. प्लांट तीन.

बोट थांबलं नाही, हे तिला नंतर पुष्कळदा आठवणार होतं. थांबायला हवं होतं, सख्ख्या भावाचं नाव मयताच्या रकान्यात घालताना माणसाचं बोट थांबतं. तिचं सरळ गेलं, आणि रकाने एकामागून एक भरत गेले, टकटक टकटक, आणि तिला बरं वाटलं – खोटं कशाला बोलायचं – आंघोळ करून आल्यावर वाटतं तसं मोकळं बरं वाटलं.

बाबा ह्याच कंपनीत होते. खोकत खोकत गेले, कामावर नव्हे, घरी, खाटेवर, त्यामुळे हा कागद त्यांच्यासाठी झाला नाही. पण कंपनीने मेहेरबानी म्हणून वारसांपैकी एकाला कायम नोकरी देऊ केली. एकाला. रूपेश बारावीला दोनदा आपटलेला, स्वातीचं बीकॉम झालेलं, पहिल्या वर्गात. एचआरच्या माणसाने आईपुढे कागद ठेवून विचारलं, कुणाचं नाव घालू? आईने स्वातीकडे बघितलंसुद्धा नाही. 'पोराचंच घाला' म्हणाली आणि सही केली. जी सही तिला स्वातीनेच शिकवली होती, शाळेच्या पाटीवर, गो-दू-बा-ई, हात धरधरून. घरी आल्यावर म्हणाली, "तो पोरगा हाय गो. तू काय, उद्या दुसऱ्याच्या घरची." आणि रूपेश, तोंडात घास असताना, "तू शिकलेली हायस. तुला कुठंपन मिळंल." कुठंपन म्हणजे ही खुर्ची. अकरा महिन्यांचा करार, मग मधे थोडे दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. रूपेशने तिचं नावच ठेवलं – कंत्राटी. कॅन्टीनमध्ये चारचौघांत, ही आमची कंत्राटी. घरी आंघोळीला आधी गेली की, परमनंट लोकं आदी. आई हसायची. मस्करीच तर होती ती. मस्करीवर रागावणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात, म्हणून तीही हसायची.

वारस – आई, गोदूबाई. आईचा नंबर तिला पाठ होता.

बेत साधा होता. लिंक गेली की आईला फोन करायचा, आलेला ओटीपी विचारून घ्यायचा आणि इथूनच आपल्या बोटाने एक फराटा ओढून मोकळं व्हायचं. आईला कळायचंही कारण नाही. तिने 'पाठवा' दाबलं, फोन हातात घेतला, आणि मेहुल सरांनी मीटिंगच्या खोलीतून हाक मारली – टीव्हीला लॅपटॉप लागत नाही. वायर बदलली. लागला नाही. दुसरी शोधून आणली. लागला. ती परत आली तेव्हा पडद्यावर हिरवी खूण होती. वारस, सही झाली. कागद पूर्ण.

तिने खुर्ची ओढली आणि बसली नाही.

फोन वाजला. आई.

"काय गो, झालं नं बरोबर?"

"काय झालं?"

"अगो, तो तुझा मेसेज. वर कंपनीचा तो निळा शिक्का होता, वळाकला मी. आकडे आले ते टाकले नि बोट फिरवला. पयल्यांदा वाकडं झालं, मंग पुसून परत केलं."

"आई, तू वाचलंस का... काय लिहिलं होतं ते?"

"चष्मा कुठं सापडतोय मला. नि तूच सांगून ठेवलंस नं – रेशनच्या टायमाला, त्या बँकेच्या टायमाला – माझा मेसेज आला का इचारीत बसू नको, करून टाक. मी केला." मग जरा दबक्या, खुशीच्या आवाजात, "एवढं एक नाव वाचलं हं मी. रूपेशचं. बढती हाय नं त्याची? मी कोनाला नाय सांगत. तू खरं सांग."

स्वातीने तोंड उघडलं. समोर हिना कॅल्क्युलेटरवर काहीतरी बडवत होती. सांगता आलं असतं. आई, ती चाचणी होती, आई, माझी चूक झाली, आई, तू तुझ्या मुलाच्या... कुठल्या शब्दाने ते वाक्य पुरं करायचं होतं?

"तसंच काहीतरी," ती म्हणाली. "अजून पक्कं नाही."

"देवाला साखर ठेवतंय," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने कागद उघडला. मी, गोदूबाई, मयत रूपेश यांची आई व एकमेव वारस – एकमेव कुणी लिहिलं? एआयने. यादीत रूपेशचा वारस म्हणून एकच नाव होतं, ते आपलं धरून चाललं. तर मी, गोदूबाई, माझ्या राजीखुशीने लिहून देते की... आणि खाली आईची सही. बोटाने केलेली म्हणून भली मोठी, 'दू'चा उकार रकान्याबाहेर पळालेला, आणि 'ई'च्या डोक्यावरची रेघ देताना हात नक्की उचलून धरला असणार, कारण ती फार काळजीने काढलेली होती. चुकली म्हणून पुसून पुन्हा काढलेली. आजची तारीख. कागदाचा क्रमांक. कुठेही, एका कोपऱ्यातसुद्धा, हा खोटा आहे असं लिहिलेलं नव्हतं. प्लांट तीनला रूपेशचं काही बरंवाईट झालं तर कंपनीला आईच्या दारात जायचीसुद्धा गरज नव्हती. आई आधीच म्हणून चुकली होती – माझी कोणतीही तक्रार नाही.

रद्द करायचं बटण वर होतं. दाबलं तर खिडकी उघडली. 'रद्द करण्याचे कारण लिहा. ही सूचना सर्व संबंधितांना पाठवली जाईल.' संबंधितांत आई होती, सर होते, हेड ऑफिसचा कायदा विभाग होता, आणि रूपेश होता. कामगार निवडला तेव्हाच यादीने त्याचा नंबर हळूच आत आणून ठेवला होता. आत्तापर्यंत त्याला काही गेलं नव्हतं, कारण मयताला सही मागत नाहीत. पण रद्द झालं तर कळवतात. 'रूपेश यांच्या मृत्यूसंबंधीचा कागद रद्द करण्यात आला आहे. पाठवणार: स्वाती.'

"अरे वा! झालापण?" मेहुल सर पाठीमागे उभे होते. "खरी सही? कुणाची?"

"माझ्या आईची. सर, हा रद्द करायचाय. नाव... माझ्या भावाचं आहे."

त्यांनी वाकून पाहिलं. "रूपेश म्हणजे आपला प्लांट तीनचा?" आणि क्षणभर, बरोबर एक क्षण, त्यांचं ते नेहमीचं हसणं गेलं. मग आलं. "मीटिंग होऊ दे. पूर्ण झालेला एक तरी दाखवायला लागेल ना."

"पण सर, हा खरा कागद आहे. मधेच काही झालं तर..."

"काय होणार? आणि व्हायचंच असेल तर," ते म्हणाले, "निदान आपलं पेपरवर्क रेडी."

स्वाती हसली. आधी सर हसले आणि मग ती हसली, मोठ्याने, मान मागे टाकून. हिनाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. का हसले मी? साहेब हसले की हसायचं असतं, अकरा महिने, पुन्हा अकरा महिने... पण ते तेवढंच नव्हतं. खरंच हसू आलं होतं. आतून, पोटातून.

मीटिंगमध्ये टीव्हीवर तीन चेहरे होते. स्वातीने साचा उघडून दाखवला, पिवळे रकाने दाखवले, मग पूर्ण झालेला कागद. आईची सही टीव्हीभर पसरली. मधल्या चेहऱ्याच्या बाईंनी विचारलं, वारसाला कितीसा वेळ लागला? मेहुल सर म्हणाले, मी टीव्हीची वायर जोडेपर्यंत झालं, मॅडम. आणि आधी? आधी आमचा माणूस गाडी घेऊन गावात जायचा, ते लोक गोळा व्हायचे, रडारड, कुणीतरी पुढारी मधे पडायचा, काय वाटेल ते लिहून मागायचे. बाईंनी मान हलवली. मग उजवीकडचा, इतका वेळ गप्प बसलेला, तरुणसा गृहस्थ म्हणाला, "एकाच वेळी अनेकांना पाठवता येतो का हा? समजा एका घटनेत... जास्त असले?"

मेहुल सरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वातीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"येतो," स्वाती म्हणाली. "यादी जोडली की प्रत्येकाच्या वारसाला त्याचा त्याचा कागद जातो. नावं आपोआप पडतात. भाषापण बदलता येते, सर. हिंदी, गुजराती. आपल्याकडे बाहेरची मुलं पुष्कळ आहेत, त्यांच्या घरचे उत्तर प्रदेशात, ओरिसात असतात. कुणाला इथे यायची गरज नाही."

शेवटचं वाक्य तिला कुणी विचारलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं, आणि बोलताना तिला आपला आवाज आवडला – स्वच्छ, न अडखळणारा, परमनंट बाईचा. टीव्हीतल्या बाई म्हणाल्या, गुड. ही मुलगी कोण आहे? आणि मेहुल सरांनी सांगितलं, जसं काही ते नेहमीच तसं सांगत आले होते, "आमची स्वाती. पुढल्या महिन्यापासून पक्की करतोय तिला."

बाहेर आल्यावर तिने पुन्हा विचारलं, सर, तो कागद? ते मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. "आता तुझं तू बघ ना. रद्द कर, ठेव, तुझी मर्जी. माझं काम झालं."

मर्जी. इतक्या वर्षांत ह्या कंपनीत पहिल्यांदाच कुणी तिच्या मर्जीवर काही सोडलं होतं.

रिक्षात ती कडेला बसली. आत पाळी सुटलेली चार मुलं हिंदीत कुठल्याशा क्रिकेटच्या सामन्यावर भांडत होती. कंपन्यांच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत तो सडक्या बदामासारखा वास नाकात होता, मग नाका आला आणि तळलेल्या भज्यांचा. फोनवर तिने ती खिडकी उघडून ठेवली होती. कारण लिहा. 'चुकून' – तिने लिहिलं आणि पुसलं. चुकून नव्हतं झालं. चुकून आईचं झालं होतं. 'चाचणीसाठी' – हेही पुसलं. चाचणीला ललितही चालला असता, कोलंबी देतो म्हणून काय झालं. मग काय लिहू? जे खरं आहे ते लिहायचं तर... शेजारचा मुलगा तिच्या फोनकडे बघत होता. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

घरी शिऱ्याचा वास होता. रूपेशची आज रात्रपाळी, तो आंघोळ करून, केस विंचरून, ताटावर बसलाच होता, आणि ती चपला काढते तोच म्हणाला, "काय गो, आई दुपारधरनं बढती-बढती करतेय. काय भानगड हाय?"

"मी काय नाय सांगितलं," आई चुलीपाशी म्हणाली. "मी नुसता शिरा केला."

"अजून पक्कं नाही," स्वाती म्हणाली. दिवसातून दुसऱ्यांदा तेच वाक्य, आणि आता ते खरं असल्यासारखं सोपं गेलं.

"शिफ्ट इनचार्ज?" त्याने विचारलं. डोळे लहान मुलासारखे झाले. बाप्या माणसाचे डोळे असे झाले की बघवत नाही. "कदमचा पाय मोडल्यापासनं ती जागा खालीच हाय. तू... तू बोललीस का सरांकडं? माझ्यासाठी?"

तिने मान हलवली. हो की नाही, तिलाच कळलं नाही. त्याला हो कळलं. तो बूड उचलून सरकला, भिंतीला टेकायची जागा, जी बाबांची होती आणि मग त्याची झाली, ती त्याने मोकळी केली आणि हाताने पाट ओढून म्हणाला, "बस. दमली असशील. आदी तू जेव." आईने वळून पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला, कारण तिच्या घरात सगळं चांगलं होत होतं.

स्वाती बसली. त्याच्या ताटात मांदेली होती, तिने आपल्या ताटातल्या चार उचलून त्याला वाढल्या, काटे काढून. त्याच्या मनगटावर ॲसिडचा जुना डाग होता, रुपयाएवढा, गुलाबी. हा कधी झाला? त्याने सांगितलं नव्हतं, का तिने विचारलं नव्हतं. मानेवर, जिथे केस कापून पांढरी कातडी दिसत होती, तिथे एक तीळ होता. तो घास मोठे घ्यायचा आणि मग चावताना कानाची पाळी हलायची, बाबांची हलायची तशीच. हे सगळं इतक्या वर्षांत तिने पाहिलंच नव्हतं, आणि आता दिसत होतं, एकेक, स्पष्ट, आणि छातीत काहीतरी सैल होऊन गळ्यापर्यंत येत होतं. असं ह्याआधी एकदाच झालं होतं. बाबांना खाटेवरून खाली घेतलं आणि अंगावर पाणी घालताना त्यांच्या पायाची नखं दिसली तेव्हा. त्याआधी त्यांच्याबद्दलही तिला काही वाटत नसे.

"काय बघतेस?" रूपेश म्हणाला.

"काही नाही. जेव."

तो जेवला. शिरा दोनदा मागून घेतला. निळा शर्ट चढवला, गाडीची किल्ली शोधली, ती तिनेच शोधून हातात दिली, दारातून, आजवर कधी नाही ते, वळून म्हणाला, "सरांना सांग, रूपेश काम करील म्हनावं. नाय म्हननार नाय कशाला." आणि गाडी चालू झाली आणि वळणावरून गेली, प्लांट तीनकडे.

आई भांडी आवरत होती. स्वातीने फोन सुलटा केला. कारण लिहा. आता लिहायला हवं, आत्ता, तो गेटवर पोचून फोन जमा करायच्या आत की नंतर? आधी लिहिलं तर तो वाटेतच वाचेल, नंतर लिहिलं तर सकाळी पाळी सुटल्यावर. कधीही वाचला तरी वाचेलच. आणि मग तो घरी येईल, ओरडेल, आई छाती बडवून घेईल, आणि उद्या ह्या भिंतीला टेकून पुन्हा तोच बसलेला असेल, तोंडात घास, तू कंत्राटी. तिला आत्ताच त्याचा तो चेहरा दिसला आणि लगेच तो जुना, ओळखीचा राग पायातून वर चढू लागला. तिने घाईने डोळे मिटले. मिटल्यावर मानेवरचा तीळ दिसला, हलणारी कानाची पाळी दिसली, आणि माया परत आली, होती तेवढीच, उबदार.

ही ह्याच्याबद्दल नाही, तिला कळलं. ही त्या कागदातल्याबद्दल आहे. कागद आहे तोवर आहे.

रिकाम्या रकान्यात रेघ लुकलुकत होती. आतून आई म्हणाली, "येवडा शिरा उरलाय, खाऊन टाक गो." स्वाती 'हो' म्हणाली, आणि अंगठा उचललेला तसाच धरून बसून राहिली, आजची एक पाळी फक्त, आजच्या एका पाळीपुरता तो तिला असाच हवा होता.